ओळख पटेल असा आमरीचा फोटो: कोल्हापूरच्या पश्चिमेकडच्या रानात सावकाश फिरताना

हबेनारिया नावाच्या आमरीचा, म्हणजे ऑर्किडचा, समोरून काढलेला फोटो कितीही देखणा असू द्या, मागचं सगळं धूसर झालेलं आणि पाकळीवर थेंब थांबलेला, तरी तेवढ्यावरून तिची जाती सांगता येत नाही. जाती ठरते ती फुलामागे लोंबणारी नळी किती लांब आहे, पानं जमिनीला चिकटून आहेत की दांड्यावर चढली आहेत, फुलं तुऱ्याच्या एकाच बाजूला आहेत की चहूबाजूंनी, यावरून. समोरच्या फोटोत यातलं काहीही नसतं. त्यामुळे आमरीचा फोटो काढायला शिकणं म्हणजे पुरावा गोळा करायला शिकणं. चित्र सुंदर आलं तर आनंदच, पण आधी ओळखीपुरता पुरावा हाती यायला हवा. या लेखातली प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे.

शब्दांचं आधी ठरवून घेऊ. ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात. वनस्पतिशास्त्रातल्या रिवाजाप्रमाणे प्रजाती म्हणजे मोठा गट (हबेनारिया, डेंड्रोबियम) आणि जाती म्हणजे त्यातली एक नेमकी वनस्पती. आमरीच्या फुलाला बाहेर तीन संदलं आणि आत तीन पाकळ्या असतात. आतल्या तिघींपैकी एक वेगळी, रंगीत किंवा चिरलेली असते, तिला ओठ म्हणू. ओठाच्या मुळाशी मागे जाणारी पोकळ नळी ती सोंड. पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकत्र जुळून मधोमध उभा राहिलेला जाडसर दांडा तो स्तंभ. स्तंभ आणि ओठ दिसले की आमरी, ही पहिली कसोटी.

कुठे आणि कधी

कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि गगनबावड्यात त्याच्या पाचपटीहून जास्त. दोन्हींमधलं अंतर जेमतेम पंचावन्न किलोमीटर. झाडावरच्या आमरींची दाटी याच उताराने वाढत जाते. पन्हाळा आणि मसाई पठार हा जमिनीवरच्या आमरींचा मुलूख आहे. आंबा घाट, विशाळगडाची बाजू, बर्की, गगनबावडा, राधानगरी-दाजीपूर आणि दक्षिणेला चंदगडचा पट्टा इथे फांद्यांवर बघायचं. राधानगरी अभयारण्य १९५८ साली दाजीपूर गवा अभयारण्य म्हणून जाहीर झालं आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत गेलं. तिथे पावसाळ्यात पर्यटकांना प्रवेश मिळेलच असं नाही, म्हणून निघण्याआधी वन विभागाकडे चौकशी करावी. गावाच्या देवराईत शिरताना गावकऱ्यांना विचारून, चपला कुठवर चालतात ते समजून घेऊन जावं. बऱ्याच ठिकाणी देवराईतली जुनी जांभळं आणि आंबे आमरींनी लगडलेले असतात, आणि ते राखले गेले आहेत ते गावानेच.

आमरी बारमाही शोधता येते, मात्र दर हंगामात नजर वेगळ्या जागी ठेवावी लागते.

पौष ते फाल्गुन हे दिवस डेंड्रोबियमचे. पानं गळून गेलेल्या उघड्या काड्यांवर फुलं येतात, त्यामुळे दुरूनही दिसतात. झाडांचीही पानं झडत असल्याने फांद्यांवरची मुळं ओळखायला हाच काळ चांगला. आमरीच्या मुळांवर स्पंजासारखं आवरण असतं. सुकं असताना ते चांदीसारखं पांढरं दिसतं आणि ओलं झालं की हिरवट. काळपट सालीवर पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं दिसलं की ती जागा टिपून ठेवा आणि फुलांच्या दिवसांत परत या.

चैत्र-वैशाखात कोटोनियाची मधमाशीसारखी फुलं दिसतात. वळवाचे दोन-तीन पाऊस झाले की जमिनीतून युलोफियाचे, म्हणजे अमरकंदाचे दांडे वर येतात, बऱ्याचदा पानांच्या आधीच. ज्येष्ठात सीतेची वेणी आणि एरिडिस. पहिल्या दमदार पावसानंतर नर्विलिया आणि जमिनीला पान टेकवून बसलेली हबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस. श्रावण-भाद्रपदात पठारावरच्या बाकीच्या हबेनारिया.

पिशवीत काय असावं

कॅमेरा असेल तर ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची) लेन्स आणि झाडावरच्यांसाठी ३०० मिलिमीटरपर्यंत पोहोचणारी एखादी झूम लेन्स. एकच घ्यायची झाली तर आपल्याकडे झूम जास्त उपयोगी, कारण निम्म्या आमरी डोक्याच्या वर असतात. फोन असेल तर तोही पुरेसा आहे. ८ × ४२ ची दुर्बीण मात्र हवीच. दुर्बिणीशिवाय पंधरा फुटांवरची आमरी आणि बांडगूळ यांत घोटाळा होतो.

बाकी सगळं घरचं आणि स्टेशनरीच्या दुकानातलं. मिलिमीटरच्या आलेख कागदाची ५ × १० सेंटीमीटरची पट्टी लॅमिनेट करून घ्या, पण लॅमिनेशन चकचकीत नको, मॅट हवं, नाहीतर फ्लॅश किंवा आभाळ त्यात चमकतं आणि रेघाच दिसत नाहीत. पट्टीच्या मागे राखाडी कागद चिकटवा, त्याचा उपयोग पुढे सांगितला आहे. दोन बाय तीन फुटांचं जाड प्लास्टिक गुडघ्याखाली घालायला. एक पांढरी छत्री. सुती रुमाल दोन, एक लेन्सला आणि एक हाताला. सिलिका जेलच्या पुड्या घातलेली घट्ट झाकणाची पिशवी. मऊ दोरीचा हातभर तुकडा. वही आणि पेन्सिल, कारण पावसात पेन चालत नाही.

जळवांसाठी लांब मोजे. चिकटलेली जळू नखाने बाजूने सारून काढावी. मिठाची चिमूट पायावर पडते तशी शेजारच्या शेवाळावर आणि कोवळ्या रोपांवरही पडते, म्हणून मीठ घरीच ठेवा.

चालण्याचा वेग

तासाला अर्धा किलोमीटर, याहून जास्त नाही. झाडाझाडाशी थांबून तीन टप्प्यांत बघायचं: आधी खोडाचा डोक्यापर्यंतचा भाग, मग पहिली बेचकी जिथे पाणी आणि पालापाचोळा साठतो, मग आडव्या फांद्यांची वरची बाजू. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल, आंबा, जांभूळ, किंजळ, हिरडा यांच्यावर जास्त वेळ द्या. भेगांत ओल आणि धूळ टिकते आणि आमरीचं पिठासारखं बारीक बी तिथे अडकतं. त्या बियांत स्वतःचा अन्नसाठा जवळजवळ नसतो. योग्य बुरशी भेटली तरच ते रुजतं. एका झाडावर वीस आणि शेजारच्या तशाच झाडावर एकही नाही, हे दृश्य दिसतं त्यामागे हेही एक कारण आहे.

वाऱ्याने पडलेल्या फांद्या चुकवू नका. शेंड्याकडची आमरी डोळ्यांच्या उंचीवर बघायला मिळण्याची ती एकच संधी. तिथेच सगळे फोटो काढा, झाडाखाली गळलेली फुलं आलेख पट्टीवर ठेवून मोजा आणि फांदी जागीच राहू द्या. अभयारण्यातून पडलेली वनस्पतीसुद्धा उचलणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे.

पठारावर उघड्या जांभ्या दगडावरूनच चाला. दगडांमधल्या मातीच्या ओलसर चिंचोळ्या पट्ट्यात हबेनारियाचे कंद असतात, आणि पाऊल पडतं ते नेमकं तिथेच, कारण तो भाग मऊ लागतो. गुडघा टेकण्याआधी प्लास्टिकच्या जागी हाताने चाचपून कळ्या नाहीत ना ते पाहा. फांदीला हात लावण्याआधीही नजर फिरवा. चापडा साप खालच्या फांदीवर तासन्‌तास न हलता बसतो आणि रंगाने पानात मिसळून जातो. दाजीपूरकडे ऊन वर आल्यावरच आत जा आणि कारवीच्या दाट जाळीत शिरू नका. गवा समोर आला तर वाट सोडून मागे सरका.

आठ फोटो

प्रत्येक रोपाचे आठ फोटो, याच क्रमाने. क्रम पाळला की घरी फोटो वेगळे करताना कोणता फोटो कोणत्या रोपाचा हा गोंधळ होत नाही.

१. जागा: पूर्ण झाड किंवा पठाराचा तुकडा, आजूबाजूसकट.
२. आधार: साल, खडक किंवा माती जवळून. झाड ओळखू येत नसेल तर त्याचं एक पान.
३. पूर्ण रोप, मुळाशी जिथे ते टेकतं तिथपासून शेंड्यापर्यंत.
४. पूर्ण तुरा. तो पानाच्या बगलेतून निघतो, काडीच्या टोकातून, की कंदाच्या बुडातून, हे दिसलं पाहिजे.
५. एक फूल समोरून.
६. तेच फूल बरोबर बाजूने, सोंड टोकापर्यंत फोटोत मावेल असं.
७. पानाचं टोक आणि पानाचं बूड.
८. आलेख पट्टीसह फूल.

सहावा आणि सातवा सर्वांत जास्त वेळा राहून जातात आणि ओळख नेमकी त्यांच्याअभावी अडते. सीतेची वेणी, व्हँडा, एरिडिस यांची पानं सरसकट पट्ट्यासारखी असतात. त्यांचं टोक मात्र कुणाचं तिरपं दोन भागांत कापलेलं, कुणाचं उंदराने कुरतडल्यासारखं दातेरी. फुलं नसतानाही यावरून प्रजातीपर्यंत पोहोचता येतं.

पट्टी फुलाच्या पुढे किंवा फार मागे धरली तर माप चुकतं. ती फुलाच्याच प्रतलात, बाजूला, फुलाला न टेकवता धरा. फूल मॅक्रोने काढत असाल तर तेवढ्यानेही फोकस जातो, म्हणून पट्टीचा फोटो थोडा दुरून घ्या.

याच्या जोडीला वास वहीत लिहा आणि वेळही लिहा. लांब सोंडेची पांढरी फुलं बहुधा पतंगांसाठी असतात आणि त्यांचा वास दुपारी नाही, सांज झाल्यावर सुटतो. दुपारी 'वास नाही' असं लिहून ठेवलं तर ती नोंद दिशाभूल करते.

उजेड, वारा आणि फोकस

रानात पांढरं फूल बहुतेक वेळा काळपट पार्श्वभूमीवर असतं. कॅमेरा ती काळोखी उजळायला जातो आणि फूल कागदासारखं सपाट पांढरं होतं. ओठावरच्या झालरी, रेघा, केस सगळं पुसलं जातं. अशा वेळी उजेडाची भरपाई (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) उणे ०.७ ते उणे १ वर ठेवा. फोनवर फुलावर बोट दाबून धरा, फोकस कुलूपबंद झाला की सूर्याचं चिन्ह खाली ओढा. फोटो पडद्यावर थोडा अंधारा वाटला तरी चालेल. अंधारातला तपशील नंतर वर आणता येतो, करपलेला पांढरा रंग परत येत नाही. उंच फांदीवरचं फूल आभाळासमोर असेल तेव्हा नेमकं उलट करा, अधिक १ ते अधिक १.३, नाहीतर फुलाची फक्त काळी आकृती मिळते.

एरिडिसचा गुलाबी-जांभळा रंग दाट सावलीत कधी हिरवट, कधी निळसर येतो. पट्टीची राखाडी बाजू एका फोटोत धरा, मग घरी तिच्यावरून रंग दुरुस्त करता येतो. रंगावर ओळख ठरवायची असेल तर हा एक फोटो चुकवू नये.

आता खोलीचं गणित. फूल सेन्सरवर खऱ्या आकाराएवढं पडत असेल तर पूर्ण फ्रेमच्या कॅमेऱ्यात लेन्सचं छिद्र एफ-११ वर ठेवूनसुद्धा जेमतेम सव्वा-दीड मिलिमीटर भाग स्पष्ट येतो. निम्म्या आकारावर तेवढ्याच छिद्राने चारेक मिलिमीटर मिळतात. म्हणून ओळखीच्या फोटोसाठी फार जवळ जाऊ नका. निम्म्या आकारावर थांबा, एफ-८ ते एफ-११ ठेवा आणि नंतर फोटो कापा. एफ-१६ च्या पुढे गेलात तर सगळंच किंचित मऊ होतं. फोकस स्तंभ आणि ओठ जिथे मिळतात तिथे. बाजूच्या फोटोत कॅमेऱ्याची पाठ सोंडेला समांतर असली पाहिजे, नाहीतर टोक स्पष्ट आणि बूड धूसर असा अर्धवट पुरावा हाती येतो.

वाऱ्यात शटर १/२५० सेकंदापेक्षा संथ नको. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ८०० किंवा १६०० करावा लागला तरी करा. फोटोत दाणे आले तरी जाती ओळखता येते, हललेल्या फोटोवरून येत नाही. पांढरी छत्री वाऱ्याच्या बाजूला जमिनीवर आडवी धरली तर ती वारा अडवते आणि उजेडही मवाळ पसरवते. सोबत कुणी नसेल तर छत्रीचा दांडा पिशवीने दाबून ठेवा. फूल तरीही डोलत असेल तर फोनने दहा सेकंदांचा व्हिडिओ काढत फुलाभोवती सावकाश अर्धा फेरा घ्या. दोन झुळकांच्या मध्ये फूल क्षणभर थांबतं, ती फ्रेम घरी वेगळी काढता येते. फुलाच्या दांड्याला काठी बांधणं, फूल चिमटीत धरणं टाळा. पुंकेसरातल्या परागांच्या पुंजक्यांना खाली चिकट गादी असते. बोट लागलं की पुंजका निघून येतो आणि त्या फुलाचा हंगाम संपतो.

आड येणारं गवत उपटू नका. मऊ दोरीने बाजूला बांधा, फोटो झाला की सोडा. आजूबाजूचं गवत साफ केलेलं रोप गुरांना आणि पुढे येणाऱ्या माणसाला दोघांनाही पटकन दिसतं.

फोनचं आणखी एक. बरेच फोन फूल जवळ आलं की आपणहून रुंद कोनाच्या लेन्सवर जातात. मग तीन-चार सेंटीमीटरवर यावं लागतं, फोनची सावली फुलावर पडते आणि मागचं सगळं रान फोटोत घुसतं. हा आपोआप मॅक्रो बंद करा, दोन किंवा तीन पट झूम लावा आणि हातभर मागे या. ओबेरोनिया ही एकच अशी आहे जिच्यासाठी मॅक्रो परत चालू करावा लागतो. तिची पानं बाजूने चपटी, एकात एक अडकवलेल्या पात्यांच्या पंख्यासारखी असतात, आणि उंदराच्या शेपटीसारख्या तुऱ्यावर एक-दोन मिलिमीटरची शेकडो फुलं. एकेका फुलाचा ओठ कसा चिरला आहे त्यावर जाती ठरते. तेवढं दिसलं नाही तर वहीत नुसतं 'ओबेरोनिया' लिहा. ते उत्तर पूर्णपणे बरोबर आहे.

गाडीतल्या एसीतून उतरल्या उतरल्या लेन्सवर वाफ धरते. शेवटचा अर्धा तास एसी बंद, काच खाली. धुरकट फोटोंचं हे सगळ्यात साधं कारण आहे.

ओळख: झाडावरच्या

आधी वाढीची तऱ्हा बघा. एकच खोड शेंड्याकडे वाढत जातं आणि पानं दोन ओळींत लागतात, तर तो व्हँडाचा परिवार: सीतेची वेणी, एरिडिस, व्हँडा, लुईशिया, कोटोनिया. जमिनीला किंवा सालीला समांतर रांगेने कंद किंवा काड्या उगवत जातात, तर डेंड्रोबियम, बल्बोफायलम, पोरपॅक्स अशांपैकी.

सीतेची वेणी, म्हणजे ऱ्हिंकोस्टायलिस रेटूसा, आणि एरिडिस यांत दरवर्षी गल्लत होते. वेणीचा तुरा गच्च विणलेला असतो, फुलांमधून दांडा दिसत नाही, फूल दोनेक सेंटीमीटरचं, पांढऱ्यावर गुलाबी-जांभळे ठिपके. तिची सोंड पिशवीसारखी, बाजूने दबलेली आणि मागे जाणारी. एरिडिसचा तुरा त्यामानाने मोकळा, आणि सोंड शिंगासारखी पुढे, ओठाकडे वळलेली. म्हणून सहावा फोटो.

एरिडिसमध्ये आपल्याकडे दोन मोठ्या. एरिडिस मॅक्युलोझाच्या पाकळ्यांवर जांभळे ठिपके असतात आणि ओठाच्या मधल्या भागाची कड साधी असते. एरिडिस क्रिस्पाच्या पाकळ्या आतून पांढरट, बाहेरून गुलाबी झाक असलेल्या, आणि ओठाचा मधला भाग रुंद, कडेला झिरमिळ्या कातरलेला. क्रिस्पाचा तुरा पानांपेक्षा लांब आणि बऱ्याचदा फुटवे फुटलेला. म्हणजे एका जोडीत पाकळीची बाहेरची बाजू महत्त्वाची ठरते. शक्य असेल तिथे फुलाच्या पाठीचाही फोटो घ्यावा.

व्हँडा टेसेलाटा, आपली रास्ना, गावाजवळच्या आंब्यावरही सापडते. पिवळट पाकळ्यांवर तपकिरी चौकटींची जाळी आणि निळसर जांभळा ओठ. हिच्याच चुलतबहिणी व्हँडा टेस्टेसियाची फुलं बरीच लहान, पिवळी, ओठ निळा. लुईशियाची पानं गोल, पेन्सिलीच्या शिशासारखी. फुलं नसतानाही ती ओळखू येते.

डेंड्रोबियममध्ये बार्बॅट्युलम आणि ओव्हॅटम. दोघींच्या काड्या फुलांच्या वेळी निष्पर्ण. बार्बॅट्युलम शुभ्र, कधी गुलाबी छटेची, फूल मोठं, ओठाच्या बुडाशी केस. तिच्या नावाचाच अर्थ बारीक दाढीची. ओव्हॅटम साईच्या किंवा फिक्या पिवळ्या रंगाची, ओठाशी हिरवट, आणि हंगामात आधी फुलते. करपलेल्या पांढऱ्या फोटोत या दोघी एकच दिसतात. उजेडाची भरपाई उणे करण्याचा आग्रह यासाठी. दोन-तीन सेंटीमीटरच्या बुटक्या कंदांवर जांभळ्या रेघांचा ओठ असलेली चिमुकली दिसली तर डेंड्रोबियम मायक्रोबल्बॉन.

ओळख: जमिनीवरच्या

हबेनारियासाठी आधी पानं, मग सोंड, मग ओठ.

जमिनीला चिकटलेलं एक किंवा दोन गोलसर, हृदयाच्या आकाराचं पान आणि वर पांढरी फुलं: ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस. पानं जमिनीलगत पण त्यांना फिकट पिवळसर किनार, फुलं पिवळी-हिरवी: मार्जिनाटा. दांड्यावर पानं चढत गेलेली आणि पांढरी फुलं सगळी एकाच बाजूला, दात घासायच्या ब्रशासारखी: हेनियाना. मोठं पांढरं फूल आणि दहा सेंटीमीटरच्याही पुढे जाणारी सोंड: लाँगिकॉर्निक्युलाटा. ओलसर कड्यावर, शेवाळात, एक ते तीन पांढरी फुलं: रॅरिफ्लोरा. हात-पाय पसरलेल्या बाहुलीसारखा ओठ: क्रिनिफेरा.

हेनियानाचा तुरा जवळून पाहा. वरचं संदल आणि दोन पाकळ्या मिळून फुलावर टोपडं धरतात. टोपड्याच्या आत परागांच्या दोन पिशव्या शेजारी शेजारी, आणि त्यांच्या खाली सोंडेचं तोंड. पतंग तिथे स्वतःची सोंड घालतो तेव्हा पुंजके त्याच्या डोक्याला चिकटतात. समोरच्या फोटोत या दोन पिशव्या आणि खालचे दोन पुढे आलेले कुक्षींचे (पराग झेलणारे) भाग दिसले तर हबेनारिया आणि पेरिस्टायलस यांतला फरकही सुटतो. पेरिस्टायलसमध्ये कुक्षी पुढे काढलेल्या नसतात, फुलं अगदी बारीक आणि सोंड आखूड, बहुधा पिशवीएवढीच.

क्रेपिडियमच्या फुलात ओठ वर असतो, खाली नाही. बहुतेक आमरींची कळी उमलताना अर्ध्या फेऱ्याने वळते आणि ओठ खाली येतो. इथे तसं दिसत नाही. म्हणून फोटो घरी सरळ करण्याच्या नादात उलटा करू नका.

फसवणारी तिघं आहेत. पठारावरची सीतेची आसवं जांभळी, ओठवाली आणि सोंडवालीही, पण ती कीटकभक्षी वनस्पती आहे आणि तिला स्तंभ नाही. तेरड्यालाही सोंड असते, पण पानांच्या कडा दातेरी आणि खोड पाणीदार. झाडावर बांडगूळ: त्याची मुळं सालीत घुसलेली असतात आणि जोडावर गाठ दिसते. आमरीची मुळं सालीवरून नुसती धावतात, झाडाचा रस घेत नाहीत. बांडगूळ समजून आंब्यावरची आमरी काढून टाकणारे शेतकरी अजून भेटतात. त्यांना हा एवढा फरक दाखवावा.

नाव लावताना

घरी आल्यावर त्याच दिवशी आठ फोटोंचा गठ्ठा करून तारीख, ठिकाण आणि आधाराचं झाड लिहा. ओळखीचं ॲप जे पहिलं नाव देतं ते बऱ्याचदा आग्नेय आशियातलं किंवा बागेतलं असतं. म्हणून ते नाव कोल्हापूर जिल्ह्यात नोंदलं गेलं आहे का हे आधी तपासा. शिवाजी विद्यापीठाने २००२ साली जिल्ह्याच्या वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला आहे, त्यात जिल्ह्यातल्या जाती सापडतात. जुन्या यादीत नाव मिळालं नाही तर नाव बदललं आहे का तेही बघा: एरिया या प्रजातीतल्या आपल्याकडच्या काही जाती आता पोरपॅक्समध्ये गेल्या, हबेनारिया जायगँटिया आता पेक्टिलिस जायगँटिया. आठपैकी एखादा फोटो जुळत नसेल तर जातीचं नाव लावू नका, प्रजातीवर थांबा.

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना ठिकाण 'अस्पष्ट' ठेवा. मग जगाला दिसतो तो साधारण वीस-बावीस किलोमीटरचा चौकोन. फोन फोटोतच अक्षांश-रेखांश लिहून ठेवतो, तेव्हा व्हॉट्सॲप ग्रुपवर मूळ फाइल पाठवण्याआधी ते काढून टाका. खाली 'अमुक देवळामागचा तिसरा आंबा' असंही लिहू नका. जंगलातल्या सर्व आमरींचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स करारानुसार नियंत्रित आहे, पण एखाद्या झाडावरची वेणी ओरबाडून नेणाऱ्याला त्या कराराची गरज नसते, पत्त्याची असते.

नर्विलियाचं काम एका फेरीत होत नाही. पहिल्या पावसानंतर फुलाचा नुसता दांडा येतो, एकही पान नाही, आणि दोन-चार दिवसांत सगळं आटोपतं. पान नंतर उगवतं, एकच, आणि ओळख बरीचशी त्यावरच असते: उभ्या देठावरचं हृदयाकार पान कॉन्कोलरचं, जमिनीवर पसरलेलं चुण्यांचं केसाळ पान प्लिकाटाचं. म्हणून फूल दिसलं की जवळच्या दगडांची मांडणी वहीत काढून घ्या, दगड हलवू नका, आणि तीन-चार आठवड्यांनी त्याच जागी परत जा. तोवर आजूबाजूला गवत आणि तेरडा गुडघाभर वाढलेला असतो, आणि ती आकृती हातात नसेल तर पान पायाखाली येतं.